विषय क्रमांक चार

सभेचं इतिवृत्त मी लिहिते.
एक, पाण्याची टाकी. दोन, वाचनालयातली वाळवी.
तीन, चहाचे पैसे कोणत्या खात्यातून.
चार : मुलींच्या बास्केटबॉल संघाने
घरचे सामने कुठे खेळावेत.

घरचे.
इथे पेन जरा अडलं.

प्राचार्य रेगे म्हणाले, बायपासला नवा हॉल झालाय.
लाकडी फरशी. भिंतीवर लाल आकडे आपोआप बदलतात.
महिन्यातल्या चार संध्याकाळी, सवलतीत.
आपल्या कोर्टावर काय आहे?
आणि त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

काय आहे, ते इतिवृत्तात बसत नाही.
रसायनशाळेमागचं सिमेंट,
मे महिन्यात दिवे लागल्यावरही बुटातून चटका देणारं.
पूर्वेच्या बास्केटमागे रामबागेतल्या गच्च्या,
तिसऱ्या गच्चीवर झोकरकर काकू,
वाळत घातलेली चादर बाजूला सारून उभ्या.
पाहुण्यांचा फ्री थ्रो आला
की त्यांच्या कुकरची शिट्टी होते.
उज्जैनच्या मुली दोन वर्षं तिथेच चुकतात.
तोमर सर म्हणतात, योगायोग.
काकू म्हणतात, आमची डाळ शिजायला वेळ लागतो.

आणि मधल्या रेषेच्या डावीकडे तो खळगा,
ताटाएवढा.
तिथे पडलेला चेंडू वर येतो तो मन नसल्यासारखा.
आमच्या मुलींना तो पाठ आहे.
पलक चौरडिया तर समोरचीला
लग्नात आग्रह करतात तसं, हळूहळू तिकडे नेते.
मला वाटतं घरचं मैदान म्हणजे एवढंच :
जिथला खळगा
वीज गेल्यावरही पाय चुकवतो.

हे सगळं मी बोलणार होते.
पण सभेला माझा डावा गुडघाही आला होता.
सत्त्याण्णव साली, याच सिमेंटवर,
रिबाउंडसाठी उडाले,
मी खाली आले, तो आला नाही.
तेव्हापासून तो जिना उतरताना
प्रत्येक पायरीला हजेरी देतो.
त्याला मताचा अधिकार नाही.
असता तर लाकडाला दिला असता,
आणि मी त्याला काय तोंडाने नाही म्हणणार?

मग कुणीतरी बस काढली.
साडेनऊला सामना संपला तर बायपासवरून मुली येणार कशा?
अफशांच्या अब्बांनी आधीच कळवलंय,
छावणीपर्यंत ठीक, पुढे नाही.
उपप्राचार्य म्हणाले, एखादी मुलगी नसली तरी संघ काही...
आणि चहा घेतला.
मी लिहिलं : यावर चर्चा झाली.

मुलींना कुणी बोलावलं नव्हतं.
त्या खाली सराव करत होत्या.
खिडकीतून चेंडू ऐकू येत होता,
ठप, ठप, ठप,
मग एक ठोका गळाला.
खळगा.
टेबलाभोवती फक्त मीच मान वर केली.

निर्णय पुढील सभेत.
सह्या घेतल्या, फाइल बांधली,
कठड्याला धरून खाली उतरले.

"क्या हुआ, ताई?" पलकने विचारलं,
आणि मी काही बोलायच्या आत,
"लकडी ले लो. मम्मी कहती है घुटने एक ही जोड़ी मिलते हैं."
इशिता म्हणाली, हो ना.
आणखी दोघी हो म्हणाल्या.
मी खळग्याचं सगळं भाषण मनातल्या मनात
घडी करून ठेवलं.

अफशां काही बोलली नाही.
रेषेवर उभी राहिली,
ओढणीच्या टोकाने तळहात पुसले,
चेंडू दोनदा आपटला.
गच्चीवर शिट्टी झाली.
चेंडू आत गेला.
तिने उचलला आणि पुन्हा रेषेवर आली.